४४ दिवसांचा महिना

भाचा गेली काही वर्षं दुसऱ्याचा दहा चाकी ट्रक चालवतो. मामांच्या एके काळी तीन गाड्या होत्या, आता एकही नाही. जालन्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या गाळ्यात त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन फोन आणि मिलवाल्यांना गाड्या मिळवून देण्याची दलाली. अशा ठिकाणी तरुणाला गाडी घ्यायची असते आणि पोळलेला म्हातारा त्याला अडवतो, असं आपण धरून चालतो. इथं उलटं आहे. मामा म्हणतात घे, भाचा म्हणतो नको.

दोघंही मी रचलेले आहेत. भाड्याचे आणि गाडीच्या किमतीचे आकडे नमुन्याचे आहेत, कारण ते आठवड्यागणिक हलतात. कायद्याचे आणि कराचे आकडे तेवढे पक्के.

जालनाच का, तर हे लोखंडाचं गाव आहे. न्हावा शेवा बंदरातून भंगार येतं, भट्टीत वितळतं, त्याची सळई होते आणि ती मुंबई-पुण्याकडे जाते. जाताना माल, येताना माल. एवढी सोय प्रत्येक गावाच्या नशिबी नसते. म्हणून इथं हिशोब जमला नाही, तर दुसरीकडे कुठं जमेल हा प्रश्न उरतोच.

मामा : दुसऱ्याचं स्टिअरिंग किती दिवस धरशील? पन्नाशीला डोळे जातील, गुडघे जातील. शेठ एक दिवस म्हणेल, उद्यापासून येऊ नको. ना पीएफ, ना पेन्शन. मग काय करशील?

भाचा : तेव्हाचं तेव्हा बघू, असं मी म्हणत नाही मामा. पण आज महिना भरला की २५,००० मिळतात, वर रोजचा भत्ता. टायर फुटला तर शेठला फोन करतो आणि झाडाखाली झोपतो. गाडी माझी असली तर झाडाखाली झोप येईल का?

मामा : झोपेचं काय घेऊन बसलास! आता गाड्या स्वस्त झाल्यात. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. टायरवरचाही तेवढाच उतरला. दहा चाकीमागं दोन-अडीच लाख वाचतात. याच्यापेक्षा चांगली वेळ कोणती?

भाचा : गाडी काय फक्त मलाच स्वस्त झाली? ज्याला त्याला झाली. सगळ्यांनी घेतल्या की तुमच्याच टेबलासमोर दहाच्या जागी पंधरा गाड्या उभ्या राहतील आणि तुम्हीच म्हणाल, टनाला शंभर कमी करतो का, नाहीतर मागचा तयार आहे.

मामा यावर काही बोलले नाहीत, कारण ते रोज हेच बोलतात. मालक-चालकाला भाडं ठरवता येत नाही, ही या धंद्यातली पहिली अडचण. देशातल्या बहुतेक ट्रकचे मालक चार-दोन गाड्यांवाले आहेत. ते एकमेकांशी बोलत नाहीत, दलालाशी बोलतात. माल देणारे मोजके, गाड्यावाले हजार. अशा बाजारात गाडी स्वस्त होणं ही गाडीवाल्यासाठी अर्धीच चांगली बातमी.

२०१८ मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. जुलैमध्ये केंद्र सरकारनं वजनाची मर्यादा वाढवली. दहा चाकीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून वजन, २५ टनांचं होतं, ते २८.५ टनांचं झालं. गाडीवाल्यांना वाटलं, चला, साडेतीन टन जास्तीचं भाडं कायद्यानं मिळणार. पण साडेतीन टन प्रत्येक गाडीला मिळाले, बाजारातला माल तेवढाच राहिला. आठ गाड्या लागत होत्या तिथं सात पुरू लागल्या.

मामा : ते तू मला नको सांगू. माझी एक गाडी २०१७ ची, २५ टनांच्या पासिंगची. वर्षात तिचं भाडं खाली आलं. तरीपण सांगतो, आमचं घर गाड्यांनी बांधलंय.

भाचा : कोणत्या काळात बांधलं ते सांगा. तेव्हा १६ टनांच्या जागी २४ टन भरत होता. पासिंगवर माल भरून कुणी घर बांधलं असेल तर त्याचं नाव सांगा. आता जादा माल भरला की २०,००० दंड, वर दर जादा टनाला २,०००. वजनकाट्यावर ड्रायव्हर उभा असतो. ड्रायव्हर आणि मालक एकच असला तर मालकपण तिथंच उभा राहणार.

मामा : आणि डिझेल? आमच्या वेळी डिझेलचा भाव सरकार ठरवायचं. २०१४ मध्ये ते सोडून दिलं, २०१७ पासून तर रोज सकाळी सहाला भाव बदलायला लागला. २०२१ मध्ये डिझेलनं शंभरी बघितली. तरी आम्ही धंदा केलाच की.

भाचा : केला. आणि २०२१ मध्येच दुसरी गाडी विकली.

मग भाच्यानं खिशातून बिल्टीचा कोरा कागद काढला आणि पाठकोऱ्या बाजूवर मांडायला सुरुवात केली. हा भाग मी जरा सविस्तर देतो, कारण वाद सगळा इथंच आहे.

भाचा : जालना ते नवी मुंबईतलं कळंबोली, सळई, १९ टन. टनाला १,२५० धरा. झाले २३,७५०. येताना भंगार, टनाला ८५०, झाले १६,१५०. दोन्ही मिळून ३९,९००. बरोबर?

मामा : बरोबर. भंगाराला कधी नऊशेपण मिळतात.

भाचा : आणि कधी दोन दिवस थांबून सातशे. आता खर्च. जाऊन-येऊन इकडंतिकडं धरून ८५० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार देते. २१२ लिटर डिझेल, ९१ च्या भावानं १९,३००. समृद्धी महामार्गानं गेलो तर तीन ॲक्सलला किलोमीटरमागं साडेसात रुपयांच्या वर टोल, भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत अडीच हजार, दोन्ही बाजूंचे ५,०००.

मामा : जुन्या रस्त्यानं जा ना. कसारा घाटानं.

भाचा : जातो. टोल कमी लागेल, डिझेल वाढेल, क्लच घासेल आणि पाच तास जास्त लागतील. पाच तासांत कळंबोलीतला नंबर हुकला की गाडी दुसऱ्या दिवशी खाली होणार. मी दोन्ही करून बघितलंय, शेठच्या पैशानं. पुढं घ्या. धूर साफ करायचा युरिया ६००. २०२० नंतरच्या गाडीत तो संपला की इंजिनची ताकदच कमी होते, म्हणजे तिथं काटकसर नाही. माल चढवण्या-उतरवण्याची वाराई आणि वजनकाटा १,८००. तुमची दलाली १,२००. जेवण, पार्किंग आणि रस्त्यावरचं जे काही द्यावं लागतं ते, १,५००. एकूण २९,४००. हातात राहिले १०,५००.

मामा : एका फेरीत साडेदहा हजार! तुझा अर्धा पगार आला की.

भाचा : फेरीला चार दिवस लागतात. गाडी चालते दीड दिवस, उभी राहते अडीच दिवस. मिलमध्ये नंबर, कळंबोलीत नंबर, ठाण्याकडं अवजड वाहनांना बंदीच्या वेळा, बंदरातून भंगार सुटायची वाट. महिन्यात सात फेऱ्या. त्याचे ७३,५००.

इथपर्यंत मामा खुश होते. भाच्यानं कागद उलटा करायला घेतला, पण तिकडे बिल्टी छापलेली होती, म्हणून त्यानं समासात लिहायला सुरुवात केली.

भाचा : गाडी, बॉडी, पासिंग, पहिला विमा मिळून ३६ लाख. सहा घरचे, तीस फायनान्सचे. साडेदहा टक्के, ६० हप्ते. हप्ता ६४,५००.

मामा : बरं.

भाचा : विमा. पासिंग २० टनांच्या वर गेलं की थर्ड पार्टीचेच ४३,९५०, ते सरकारनं ठरवलेले, त्यात घासाघीस नाही. गाडीचा स्वतःचा विमा, टॅक्स, फिटनेस धरा. महिन्याला १०,०००. टायर दहा. नवे घातले, नंतर रिमोल्ड केले, तरी किलोमीटरला दोन रुपये जातात. महिन्याला सहा हजार किलोमीटर, म्हणजे १२,०००. सर्व्हिसिंग, पाटे, ग्रीस, ताडपत्री, ५,०००. सगळे मिळून ९१,५००. आले ७३,५००. १८,००० खिशातून. आणि अजून माझा पगार धरलाच नाही.

मामा : पगार कशाला धरायचा? गाडी तुझी, तूच मालक.

हे वाक्य मी अनेक गाडीवाल्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि माझ्या मते सगळी गफलत यातच आहे. मालक-चालक एकाच खिशात दोन माणसांची कमाई टाकतो. एक ड्रायव्हरची मजुरी, जी त्याला कुणाच्याही गाडीवर मिळाली असती. दुसरी गाडीत घातलेल्या पैशाची कमाई. महिनाअखेर खिशात वीस हजार उरले की तो म्हणतो, गाडी चालतेय. प्रत्यक्षात गाडीनं काहीच दिलेलं नसतं. उलट त्याच्या मजुरीतले पाच हजार खाल्लेले असतात. शेठ मात्र हे दोन हिशोब कधी मिसळत नाही, कारण ड्रायव्हरचा पगार त्याला रोख मोजावा लागतो.

आयकर खात्याचाही एक अंदाज आहे. दहापर्यंत गाड्या असलेल्या छोट्या मालकाला हिशोबाच्या वह्या ठेवायची कटकट नको म्हणून कायदा १२ टनांवरच्या गाडीचं उत्पन्न टनाला महिना १,००० रुपये मानतो. साडेअठ्ठावीस टनांची गाडी म्हणजे महिना २८,५००. वर्षाला ३,४२,०००, त्यावर कर लागत नाही. भाच्याला हे माहीत होतं.

भाचा : सरकारसुद्धा धरतं की तुमची गाडी महिन्याला साडेअठ्ठावीस हजार देते. त्यातून माझा पगार काढा. राहिले साडेतीन हजार. छत्तीस लाखांच्या गाडीवर महिना साडेतीन हजार!

मामा : अरे, ते कर कमी लागावा म्हणून आहे. तू त्याचाच आधार घेतोस? बरं, तुझ्या कागदावर गाडी किती फेऱ्यांत जमते?

भाचा : हप्ता, बाकी खर्च आणि माझे पंचवीस धरून १,१६,५०० लागतात. फेरीला साडेदहा. अकरा फेऱ्या. फेरीला चार दिवस. म्हणजे ४४ दिवसांचा महिना पाहिजे.

मामा हसले. मग पुढं सरकले. ते धंद्यात उगीच मुरलेले नाहीत.

मामा : तुझ्या कागदात दोन चुका आहेत. पहिली, तू मुंबईच धरून बसलास. जवळच्या फेरीत गाडी उभीच जास्त राहते. नॅशनल परमिट काढ, वर्षाला १६,५०० भर आणि चेन्नई, कोलकाता धर. महिन्याला सहाच्या जागी दहा हजार किलोमीटर चालली की हप्ता तोच राहतो, कमाई वाढते. दुसरी चूक, तू पाच वर्षांवर थांबलास. हप्ता संपल्यावर काय? सहाव्या वर्षी ते साडेचौसष्ट हजार कुणाच्या खिशात जाणार? आणि पुढं कधी गाडी विकली तर दहा-बारा लाख कुठं गेले नाहीत. तुझ्या शेठनं हेच केलं. पाच वर्षं तोंड दाबून काढली, नंतर खाल्लं. ड्रायव्हरकीत तीस वर्षं काढलीस तरी शेवटी तुझ्याकडं लायसन्स उरेल, ते कुणी विकत घेत नाही.

मला मामांची ही बाजू भाच्याच्या कागदापेक्षा जड वाटते. पगाराला वरची पायरी नाही. विसाव्या वर्षी ड्रायव्हर जे काम करतो तेच पन्नासाव्या वर्षी करतो, फक्त हळू. गाडी झिजते खरी, पण झिजून संपेपर्यंत ती तारण असते, विकता येते, मुलाच्या फीसाठी गहाण टाकता येते. आणि आपल्या गाडीवर झोप आली की थांबता येतं, हे कागदावर न येणारं असलं तरी खोटं नाही. हप्ता डोक्यावर असताना कितीजण खरंच थांबतात, हा भाग वेगळा.

भाचा : लांबचा धंदा मी केलाय. चेन्नईला माल खाली केला की परतीचं भाडं मिळेपर्यंत तीन दिवस तिथंच. अनोळखी दलाल, अनोळखी बोली. क्लीनर पाहिजे, एकट्यानं जमत नाही. रात्री गाडी उभी केली तर टाकीतून डिझेल काढतात. आणि पैसे?

मामा : पैशाचं काय? पाऊण भाडं ॲडव्हान्स मिळतं.

भाचा : ३९,९०० चे पाऊण किती झाले? २९,९००. आणि फेरीचा खर्च २९,४००. म्हणजे ॲडव्हान्समध्ये फक्त डिझेल, टोल, वाराई भागते. माझे जे राहायचे, तेच नेमके माल मिळाल्याची पोच आल्यावर मिळणार. पोच आज दिली तर पैसे दीड महिन्यानं. फायनान्सवाल्याला महिन्याच्या पाच तारखेला पाहिजेत. दहा फेऱ्यांची बाकी तुमच्यासारख्यांच्या टेबलात पडून राहणार आणि मी हप्त्यासाठी कुणाकडून तरी तीन टक्के महिन्यानं उचलणार. मामा, गाड्या तोट्यात गेल्यानं ओढून नेत नाहीत, पैसे उशिरा आल्यानं नेतात.

मामा : आता कायदा आहे ना. उद्यमची नोंदणी कर. छोट्या धंदेवाल्याचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करात दाखवता येत नाही.

भाचा : तुम्ही माझ्या जागी असता तर तो कागद मिलच्या अकाउंटंटला दाखवला असता?

मामांनी चहाचा कप उचलला. त्यांच्या ड्रॉवरमध्ये आत्ताही अशा किती पोचा पडल्या असतील, हे त्यांनाच ठाऊक.

एवढ्यात मामी आल्या. त्या डबा द्यायला आल्या होत्या, पण ‘घर गाड्यांनी बांधलं’ हे त्यांनी बाहेरूनच ऐकलं असावं.

मामी : घर गाड्यांनी बांधलं म्हणता? स्लॅब टाकला त्या साली मोसंबीला भाव होता. पहिल्या गाडीचं इंजिन काढलं तेव्हा पैसे बागेचेच गेले. आणि २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्ते पुढं ढकलले, तेव्हा तुम्ही म्हणालात माफ झाले. व्याज चालूच होतं. ते फेडायला पाटाकडचं दोन एकर गेलं. ते कोणत्या वहीत लिहिलंय?

मामा : अगं, धंद्यात असं होतंच.

मामी : होतंच. पण मग शेताच्या वहीत गाडी आणि गाडीच्या वहीत शेत, असं तरी करू नका. याच्याकडं तर शेतपण नाही.

मामी नसत्या तर हा संवाद मामांनी जिंकला असता. जुन्या पिढीतल्या ज्या गाडीवाल्यांची घरं उभी दिसतात, त्यांच्यामागं बरेचदा थोडी शेती, भावाचा पगार, बायकोच्या म्हशी असं काहीतरी असतं, आणि ते ट्रकच्या यशात कुणी मोजत नाही. यश दिसतं ते गाडीचं. ज्याच्याकडं हा आधार नाही त्याच्यासाठी तेच गणित वेगळं. एक महिना गाडी गॅरेजला लागली, एक अपघात झाला, पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी पंधरा दिवस उभी राहिली, की हप्ता थकतो. तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात. भरलेले सहा लाख आणि आधीचे हप्ते त्यातच जातात.

मामा : बरं, नवी नको. सात-आठ वर्षांची घे. चौदा लाखांत देतो मी बघून. तीन घरचे, अकरा लाख कर्ज.

भाचा : जुन्या गाडीला पंधरा टक्के लावतात. चार वर्षं, हप्ता ३०,६००. निम्म्याहून कमी झाला, हे खरं. पण दुरुस्ती पाचाची सोळा हजार होईल. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी. विमा सात धरतो. त्या ७३,५०० मधून सगळं काढलं तर उरतात आठ हजार. माझ्या पगाराला सतरा हजार कमी पडतात.

मामा : पण डोक्यावर तीस लाख नाहीत.

भाचा : हो. तेवढंच. बुडालो तर तीन लाखांत बुडेन.

मामी : मग त्या सतरा हजारांचं काय करायचं ते बोला. उगीच दोघं एकमेकाला हरवताय.

मामा थोडा वेळ फोनशी चाळा करत बसले. मग त्यांनी दलाल म्हणून जे माहीत होतं ते पहिल्यांदा काढलं.

मामा : उभी राहिलेली गाडी हाच तोटा आहे. अडीच दिवस नंबरात जातात, ते एक झाले तर महिन्याला अकरा-बारा फेऱ्या निघतात. दोन मिलवाले वर्षाच्या करारावर गाड्या लावतात. भाडं टनाला शंभर कमी देतात, पण नंबर थांबत नाही, पैसे पंधरा दिवसांत. माझ्या दलालीत मी ते कुणाला सांगत नाही.

भाचा : का?

मामा : करार झाला की मधला माणूस लागत नाही.

भाचा : डिझेल चार रुपये वाढलं तर भाडं वाढेल, असं लेखी देतील?

मामा : एक देतो. दुसऱ्याला विचारावं लागेल.

भाचा : विचारा. लेखी मिळालं तर जुनी गाडी बघू. तोंडी असेल तर मी शेठकडंच बरा.

मामा : आणि पगार धरणार की नाही? तुझा तो पंचवीसचा?

भाचा : आधी तोच काढणार. फेरीचे पैसे आले की पहिले पंचवीस वेगळ्या खात्यात. गाडीला पुरले नाहीत तर गाडी विकायची, खात्यातले काढायचे नाहीत.

मामी : मग ते खातं बायकोच्या नावावर काढ. एटीएम कार्ड तिच्याकडंच राहू दे.